सावरीसाठी खड्डे नकोत, झेला हवा

एप्रिल सरता सरता सावरीची बोंडं फुटू लागतात आणि दोन प्रकारचे अर्ज पालिकेत येऊन पडतात. एकांना झाड तोडून हवं असतं, कारण कापूस घरात येतो, खिडकीच्या जाळीला चिकटतो, मुलं शिंकतात. दुसऱ्यांना आणखी झाडं लावून हवी असतात, कारण झाड पक्ष्यांचं आहे आणि वर नैसर्गिक कापूस, म्हणजे खेड्यापाड्यांत रोजगार. पहिल्यांचं चुकतं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यांचंही अर्धंच बरोबर आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. सावरीचा कापूस वाया जातो तो झाडं कमी आहेत म्हणून नव्हे. बोंड फुटायच्या आत उतरवायची व्यवस्था नाही, उतरवलं तर साफ करायची सोय जवळपास नाही आणि साफ केलं तरी हा सावरीचाच कापूस आहे हे गिऱ्हाइकाला दाखवून द्यायचा मार्ग नाही, म्हणून तो वाया जातो. सरकारने आणि ग्रामसभांनी पैसा घालायचा तो या तीन ठिकाणी. रोपवाटिकेचा नंबर त्यानंतर.

आधी झाड कोणतं ते ठरवू, कारण पहिला घोळ इथेच होतो. लाल फुलांची काटेसावर आपल्या पानझडी जंगलातली. हिवाळा संपताना ती पानं गाळून बसते आणि जानेवारी ते मार्च उघड्या फांद्यांवर मोठाली मांसल फुलं येतात. मैना, कावळे, बुलबुल, शिंजीर सगळे त्यावर तुटून पडतात, आणि खाली गळलेल्या फुलांना हरणं येतात. पांढरी सावर वेगळी. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली, पश्चिम आफ्रिकेतही सापडते, आणि पुढे आग्नेय आशियात पसरली. तिचं खोड हिरवट, फांद्या थराथराने आडव्या, फुलं लहान, मळकट पांढरी, रात्री उमलणारी आणि वटवाघळांची. जगाच्या बाजारात कापोक म्हणून जे विकलं जातं ते या पांढरीचं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याचं मुख्य केंद्र जावा बेट होतं. आपल्याकडे तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, बोडिनायकनूरच्या बाजूला, याच्या बागा आणि गाद्या-उशांचा धंदा आहे. तिथे याला इलवम पंजू म्हणतात.

लाल सावरीचाही कापूस उशीत चालतो, शतकानुशतकं चालत आलाय. पण तो आखूड असतो, पिवळसर झाक मारतो, दाबला तर तितका उसळून वर येत नाही, आणि व्यापारात त्याला कायम खालची प्रत मिळाली. म्हणजे कापसाचं झाड परकं आणि पाखरांचं झाड देशी. ‘सावर लावा’ असा सरसकट आदेश निघाला की दोन्ही हेतू बिघडतात. जंगलात पांढरी जाते, जिथे तिचं काही काम नाही. आणि बांधावर लाल जाते, जिची बोंडं शेतकऱ्याला पुढे कधी परवडत नाहीत. आमचं मत सरळ आहे. जंगलात, देवराईत, नदीकाठी लाल. बांधावर, पडीक गायरानात, शेतघराच्या मागे पांढरी. वनजमिनीवर पांढरी लावायला बंदीच असावी.

आता कापूस. कपाशीचा तंतू बियांवर उगवतो, बीला घट्ट धरून असतो, म्हणून तिला जिनिंग लागतं. सावरीचा तंतू बीवर नसतोच. तो बोंडाच्या कवचाच्या आतल्या भिंतीवर येतो आणि पिकल्यावर सुटतो. बिया त्यात नुसत्या अडकून राहतात. हलवलं, झाडलं की बी खाली पडते. या एका गोष्टीमुळे सावरीला जिनिंग कारखान्याची गरज नाही, साधं ढोल पुरतं. तंतू एक ते साडेतीन सेंटिमीटर लांब, गुळगुळीत, पिळाशिवाय आणि आतून पोकळ. भिंत इतकी पातळ की तंतूच्या आकारमानातला बहुतेक भाग हवाच असते. वर मेणाचा थर, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. याचा दाबून भरलेला गोळा स्वतःच्या वजनाच्या तीसपट भार पाण्यावर तोलतो असं मानतात, आणि म्हणूनच पूर्वी बोटींवरची जीवरक्षक जाकिटं यानेच भरलेली असत. 1942 मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांच्या नौदलांचा हा भराव एकदम तुटला. अमेरिकेने मग शाळकरी मुलांना रानात पाठवून रुईच्या कुळातल्या एका झाडाची बोंडं गोळा करवली. युद्धानंतर फोम आला आणि जाकिटातून सावर कायमची गेली. ते योग्यच झालं. खोळ फाटली की तो भराव हळूहळू पाणी धरतो, डिझेल लागलं की तरंगणं घटतं आणि आगीला तो क्षणभरही दम धरत नाही.

फायदे आणि तोटे एकाच रचनेतून येतात, हे धोरण आखणाऱ्याने ध्यानात ठेवावं. हलकं, गार, कोरडं, कीड न लागणारं, हे सगळं खरं. ठिसूळ, न पिंजता येणारं, न धुता येणारं, भुर्रकन पेटणारं, हेही तितकंच खरं.

खरी गाठ उतरवणीची. पांढऱ्या सावरीचं बोंड हिरवं असताना तोडलं तर तंतू कच्चा राहतो, कवचाला चिकटतो आणि वाळताना पिवळा पडतो. हिरवा रंग जाऊन बोंड मळकट तपकिरी झालं आणि देठ सुकला की उतरवावं. उशीर झाला तर वारा आणि वळीव दोघं मिळून पीक नेतात. एकदा भिजलेला कापूस गाठी धरतो, त्याला वास येतो, आणि तो वाळवून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. लाल सावरीत अडचण दुप्पट, कारण तिचं बोंड झाडावरच पाच फाकांत उकलतं आणि सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत. एकाच झाडाला दोन-तीन खेपा माराव्या लागतात. पांढरीच्या काही लागवडीच्या जाती मात्र अशा आहेत की बोंड पिकलं तरी बरेच दिवस मिटलेलं राहतं. बांधासाठी निवड करायची ती अशाच झाडांची. सरकारी रोपवाटिका मात्र मिळेल त्या बीपासून रोपं करते, मग बोंड उकलणारं निघेल की मिटलेलं हे सात-आठ वर्षांनी कळतं.

चढणं हा यातला जीवघेणा भाग. कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, ते एक वेळ टाळता येतात. फांदी टाळता येत नाही. लाकूड मऊ आणि हलकं आहे, म्हणून तर ते आगपेटीच्या काड्यांना, खोक्यांना आणि प्लायवूडला जातं. आंब्याच्या फांदीवर पाय टाकायची सवय असलेला गडी सावरीच्या तेवढ्याच जाड फांदीवर उभा राहिला तर ती देठापासून निखळते. म्हणून नियम हा की माणूस खोडापाशीच राहील, कमरेला दोर खोडाभोवती असेल आणि बोंड आकडीने किंवा झेल्याने खाली येईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आंब्यासाठीचा ‘नूतन झेला’ कोकणात घरोघर आहे. देठ कापणारं पातं आणि खाली जाळी, एवढीच त्याची रचना. सावरीच्या बोंडाला तो थोड्या बदलाने चालेल. बोंड आंब्याहून हलकं असतं, त्यामुळे जाळी मोठी आणि उथळ हवी आणि पातं अधिक धारदार, कारण सुकलेला देठ चिवट असतो. बांबूची काठी पाच-सहा मीटरच्या पुढे लवायला लागते. त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमची काठी देतात, ती वीजवाहिनीजवळच्या झाडांना कटाक्षाने टाळावी. रस्त्याकडेची बरीच झाडं तारांखालीच असतात.

खाली कमरेइतक्या उंचीवर जुनी शेडनेट ताणून बांधली की बोंड फुटत नाही आणि मातीला लागत नाही. झाडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातली बोंडं तिथेच सोडावीत. ती उतरवायला जितका धोका पत्करावा लागतो तितका कापूस त्यात नसतो, शिवाय जंगलातल्या सावरीला बीही लागतं.

एका बोंडात निघणारा साफ कापूस ग्रॅमांत मोजायचा असतो. समजा चार ग्रॅम निघाला, तर किलोला अडीचशे बोंडं. एका उशीला किलोभर, म्हणजे एका उशीमागे अडीचशे बोंडं तोडणं, वाळवणं, सोलणं, झाडणं. प्रकल्प अहवालात झाडामागे मोठमोठे आकडे छापून येतात. त्यांच्यावर विसंबण्याआधी आपल्याच शिवारातल्या पाच झाडांची प्रत्येकी शंभर बोंडं वाळवून सोलावीत आणि काट्यावर ठेवावीत. दोन दिवसांचं काम आहे आणि त्याच्याशिवाय दर ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वाळवणीला दोन-तीन दिवसांचं कडक ऊन पुरतं. उघड्यावर वाळवलं तर उकललेल्या बोंडांतला कापूस वाऱ्यावर जातो, म्हणून वर मासेमारीची जुनी बारीक जाळी अंथरून कडांना दगड ठेवावेत. संध्याकाळी गोळा करून आत घ्यावं, दवात ठेवू नये. मग कवच उकलून कापसाचा गाभा अख्खा बाहेर काढायचा. ओरबाडून काढला तर मधल्या दांड्याचे तुकडे कापसात मिसळतात आणि पुढे ते उशीतून टोचतात. सावरीच्या उशीबद्दल ‘खडे लागतात’ ही जी तक्रार असते ती बहुतेक वेळा या तुकड्यांची आणि राहिलेल्या बियांची असते. दोष कापसाचा नसतो, सोलणाऱ्याच्या घाईचा असतो. तीही घाई मजुरी नगावर दिली तर होणारच. म्हणून मजुरी सोललेल्या बोंडांवर न देता साफ कापसाच्या वजनावर, खड्यांची तपासणी करून द्यावी.

साफ करायला आडवं ढोल. भोवती आठ-दहा मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी, मधून दांडा, दांड्याला बोथट खुंट्या. दांडा सावकाश फिरवला की कापूस फुलतो आणि बी, कचरा, धूळ खाली गळते. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. वेग वाढवला की काम लवकर होतं आणि कापसाचा भुगा होतो. हाच प्रकार पिंजण्याच्या यंत्राचा. कपाशीच्या गादीसाठी पिंजारी जी कमान किंवा जे यंत्र वापरतो त्यात सावर घातली तर तंतू तुटतो, अर्धा हवेत उडतो आणि उरलेला वर्षभरात पीठ होतो. अनुभवी गादीवाला सावर पिंजत नाही, हाताने मोकळी करतो किंवा वेताच्या छडीने हलके झोडतो. बचतगटांना अनुदानात कापूस पिंजण्याचं यंत्र देऊन ‘सावर प्रक्रिया केंद्र’ अशी पाटी लावणं हा पैशाचा नास आहे.

कामाच्या खोलीत मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा लागतोच. धूळ बारीक असते आणि दिवसभर नाकातोंडात जाते. विडी-सिगारेटला सक्त मनाई, विजेची बटणं खोलीबाहेर, रात्री काम नाही. सुट्या कापसावर ठिणगी पडली तर वरचा थर डोळ्यांदेखत जळून जातो. वरून पाणी मारल्याने आग विझल्यासारखी दिसते, पण मेणामुळे पाणी आत जात नाही आणि ढीग आतून धुमसत राहतो. तो उघड्यावर ओढून पसरावा लागतो. वाळूच्या बादल्या दाराशी हव्यात.

मग वाहतूक, आणि इथे सगळ्या योजनांचं गणित चुकतं. कपाशीची गाठ 170 किलोची, यंत्राने दाबून केलेली. सावरीची तशी गाठ बांधली तर पोकळ तंतू चेपतात आणि मोकळे केल्यावर पुरते उठत नाहीत. ज्या गुणासाठी माल विकायचा तोच गेला. सैल पोत्यांत भरला तर टेम्पोतून हवा वाहून न्यायची. म्हणून कच्चा कापूस गडचिरोलीतून किंवा नंदुरबारमधून मुंबईला पाठवायचा बेतच चुकीचा आहे. उशी तालुक्याच्या गावी शिवावी आणि तयार उशी बाहेर जावी. ढोल, शिलाई यंत्रं आणि कापडाचा तागा गावाकडे न्यायला सोपा आहे, कापूस शहराकडे आणायला महाग.

40 बाय 60 सेंटिमीटरच्या उशीला एक ते सव्वा किलो साफ कापूस लागतो. पातळ उशी आवडणाऱ्याला आठशे ग्रॅमही पुरे. खोळीचं कापड दाट विणीचं हवं. साध्या मांजरपाटातून तंतू बाहेर येतात, अभ्र्याला चिकटतात, आणि लोक म्हणतात माल हलका. शिवण दुहेरी, आधी कोपरे भरायचे, मग मधला भाग, आणि मुठीने ठासायचं नाही. खोळ धुवायची नाही, अभ्रा धुवायचा. उशी भिजली तर आत गाठी होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा तीन-चार तास उन्हात टाकून दोन्ही बाजूंनी झटकली की पुरे. काही वर्षांनी ती बसते. तेव्हा शे-दोनशे ग्रॅम नवा कापूस घालून शिवण बंद करावी. हे सगळं उशीसोबत एका चिठ्ठीवर छापून द्यायला काही पैसे लागत नाहीत, पण सहसा कोणी देत नाही.

बाजारात ‘सावरीची उशी’ म्हणून जे विकलं जातं त्यात पॉलिएस्टरचा चुरा किंवा गिरणीतला टाकाऊ कापूस मिसळणं सोपं आहे, कारण उशी शिवून बंद असते. घरच्या घरी थोडं ताडता येतं. चिमूटभर भराव चिमट्यात धरून काडी लावावी. सावर कागदासारखी झपाट्याने जळते आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. पाण्याची परीक्षा मात्र नीट करावी. सावर पाण्यात दाबून सोडली तरी वर येते आणि कोरडीच दिसते, गिरणीतला धुतलेला कापूस भिजून बुडतो. पण न धुतलेल्या कच्च्या कपाशीवरही मेण असतं, तीही काही वेळ तरंगते, आणि हवा धरून ठेवल्यामुळे पॉलिएस्टरही. पाण्यात साबणाचा अंश असेल तर सावरसुद्धा बुडते. तेव्हा नुसतं ‘तरंगलं म्हणजे अस्सल’ हे व्हिडिओंतलं तंत्र फसवं आहे. खात्रीची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि ती काही मिनिटांची आहे. कपाशीचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, सावरीचा गोल, सरळ, पातळ भिंतीचा आणि पोकळ. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापसावर काम करणारी केंद्रीय संस्था आहे. तिच्या दर्जाच्या प्रयोगशाळेला हे अवघड नाही.

म्हणून आमची पहिली मागणी लेबलाची आहे. उशी, गादी, लोड, काहीही असो, भरावाचं नाव, मिश्रण असेल तर टक्केवारी आणि भरावाचं निव्वळ वजन शिवणीत अडकवलेल्या कापडी पट्टीवर सक्तीचं करावं. आज पाकिटावर लांबी-रुंदी सापडते, आत काय आणि किती हे क्वचितच. शिवाय खोळीला दहा सेंटिमीटरची चेन ठेवली तर गिऱ्हाईक स्वतः उघडून बघू शकतो. प्रामाणिक माल करणाऱ्याला या दोन गोष्टींचा जेवढा उपयोग होईल तेवढा कुठल्याही अनुदानाचा होणार नाही. भेसळ चालते तोवर खरी सावर तिच्या खऱ्या खर्चात विकलीच जाणार नाही.

वस्त्रोद्योगातली स्वप्नं मात्र बाजूला ठेवावीत. ‘पाण्याशिवाय, खताशिवाय पिकणारा धागा, कपाशीला पर्याय’ असं म्हणणं ऐकायला छान आहे. सावरीचा तंतू गुळगुळीत आणि पिळाशिवाय असल्याने एकमेकाला धरत नाही, सुतात नुसता टिकत नाही. कपाशीत मिसळून सूत निघतं. पण पिंजताना तुटणारा, उडणारा भाग मोठा असतो, आणि सावरीचं प्रमाण वाढवावं तसं सूत कमजोर होतं. काही कंपन्या असं मिश्र कापड करतात, ते त्यांनी खुशाल करावं. विदर्भात कपाशी मुबलक पिकत असताना, तिला पर्याय म्हणून सावरीवर सार्वजनिक पैसा घालायचं कारण नाही. बियांचंही तसंच. त्यात वीस-पंचवीस टक्के तेल असतं, साबणाला चालतं. खाण्यासाठी त्याची जाहिरात करू नये, त्यातली काही मेदाम्लं त्रासदायक आहेत. कोंबड्यांच्या खाद्यात पेंड जास्त झाली तर अंड्याचा पांढरा गुलाबी होतो, आणि ते अंडं बाजारात कोण घेणार?

ज्या उपयोगाकडे महाराष्ट्राने खरोखर लक्ष द्यावं तो वेगळाच आहे: सांडलेलं तेल टिपणं. पाणी झिडकारणारं आणि तेल ओढून घेणारं मेण, आणि साठवायला पोकळ नळ्या, अशी ही रचना आहे. प्रयोगशाळेत सैल भरलेल्या, म्हणजे घन सेंटिमीटरला 0.02 ग्रॅम घनतेच्या सावरीने एका ग्रॅममागे 36 ग्रॅम डिझेल आणि सुमारे 45 ग्रॅम इंजिन ऑइल धरल्याचं नोंदलेलं आहे. तीच सावर 0.09 घनतेला ठासून भरली की हा आकडा आठच्या आसपास येतो. म्हणजे तेल टिपण्याची नळी बनवताना कामगाराने ‘भक्कम व्हावी’ म्हणून दाबून भरली की तिच्या कामाचा बहुतांश भाग तिथेच संपला. सुटा कापूस पाण्यावर टाकणं तर निव्वळ मूर्खपणा, वारा तो किनाऱ्यावर नेऊन पसरतो. बारीक जाळीच्या नळ्यांत सैल भरून, दोन्ही टोकांना दोर बांधून तेलाभोवती वेढा घालायचा. पिळून तीच नळी काही वेळा पुन्हा वापरता येते, दर वेळी क्षमता थोडी घटते.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेलं. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरची तिवरं काळी झाली. एवढ्या मोठ्या गळतीला सावर पुरी पडेल असं कोणी म्हणू नये. पण रोजची गळती छोटी असते. ससून डॉक, मिरकरवाडा अशा मासेमारी बंदरांत बोटीच्या इंजिनखाली साचणारं तेलकट पाणी तसंच उपसून धक्क्यात सोडलं जातं. तिथे दर बोटीला एक सावरीची नळी आणि धक्क्यावर पिळायचं यंत्र ठेवलं तर दिवसागणिक फरक दिसेल. इथे खालच्या प्रतीचा, पिवळसर, लाल सावरीचा कापूसही चालेल, उशीसाठी दुय्यम ठरणारा. अडचण विल्हेवाटीची आहे. तेल प्यालेली नळी 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते. ती गोळा करून सिमेंट भट्टीसारख्या अधिकृत ठिकाणी पाठवायची जबाबदारी बंदर खात्याने आधी घ्यावी, नाही तर धक्क्यावरचं तेल फक्त कचराकुंडीत जाईल.

शहरातल्या तक्रारीकडे वळू. उडतो तो कापूस म्हणजे परागकण नव्हे. सावरीचे परागकण पक्षी आणि वटवाघळं नेतात आणि तेही फुलांच्या दिवसांत, कापूस उडायच्या महिना-दोन महिने आधी. उडणारा तंतू नाकाडोळ्यांना टोचतो, चरचरतं, हे खरं आहे. पण त्यासाठी झाड तोडणं म्हणजे ढेकणासाठी खाट जाळणं. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची बोंडं मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये उतरवून घेतली तर कापूस उडायला उरतच नाही. पालिकेकडे हायड्रॉलिक शिडी असते, ती पावसाळ्याआधी फांद्या छाटायला एवीतेवी फिरतेच. तिचा फेरा सावरीच्या झाडांपुरता सहा आठवडे अलीकडे आणावा, आणि उतरवलेली बोंडं बचतगटाला द्यावीत. तक्रार आणि कच्चा माल एकाच खेपेत उतरतो.

गावाकडे प्रश्न तोडीचा आहे. 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, हिरडा अशी नावं आहेत, सावर नाही. त्यामुळे खासगी मालकीतली जुनी सावर खोक्यांच्या किंवा प्लायवूडच्या ठेकेदाराला एका फोनवर जाते. तिला अनुसूचीत घालावं असं काहींचं म्हणणं आहे. ते आम्हाला पटत नाही. तोडायला परवानगी लागते असं झाड बांधावर कोणी लावत नाही, आलेलं रोपही उपटून टाकतो. मोठ्या घेराच्या लाल सावरीपुरती, म्हणजे पाखरांची घरटी आणि आग्या मोहोळं जिच्यावर असतात त्या झाडांपुरती, ग्रामपंचायतीने नोंद ठेवावी आणि मालकाला न तोडल्याबद्दल दरसाल काही रक्कम द्यावी. वृक्षलागवडीच्या निधीतून ती सहज निघेल. 2019 मध्ये 33 कोटी खड्ड्यांचं उद्दिष्ट ठेवता आलं, तर उभ्या झाडांची यादी करणं जड जाऊ नये.

होळीबद्दलही बोललं पाहिजे. कोकणात आणि पालघरकडे काही गावांत होळीच्या मधोमध उभं करायला सावर आणतात. राजस्थानात उदयपूरच्या भागात होळीसाठी सेमलची, म्हणजे लाल सावरीची, तोड हा मोठा प्रश्न झाला आहे. तोड होते ती नेमकी सरळसोट, तरुण झाडांची, जी आणखी काही वर्षांनी बोंडं धरणार असतात. प्रथा बंद करा म्हणून सांगायला जाणाऱ्याला गाव दारात उभं करणार नाही, आणि तसं सांगायची गरजही नाही. तरुण सावर बुंध्यापासून तोडली तरी फुटते. गावाने होळीसाठी म्हणून दहा-बारा झाडांचा एक तुकडा राखावा, आळीपाळीने एक तोडावं, बुंधा हातभर उंच ठेवावा आणि येणाऱ्या फुटव्यांतला एकच वाढवावा. रानातली झाडं त्याने सुटतात.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने बांबूच्या बाबतीत तो वापरून दाखवला. सावरीच्या बोंडांचा लिलाव ग्रामसभेने उभ्या झाडावर करू नये. तसं केलं की ठेकेदार कच्ची बोंडं एकाच खेपेत ओरबाडून नेतो, कित्येकदा फांद्यांसकट. उतरवणी ग्रामसभेची, विक्री साफ कापसाची, हाच क्रम हवा.

सावर पॉलिएस्टरला किमतीत कधीच हरवणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून सरकारी वसतिगृहांना आणि रुग्णालयांना या उशा सक्तीने घ्यायला लावावं, ही सूचना मात्र घातक आहे. जिथे उशी आठवड्याला धुवावी लागते, निर्जंतुक करावी लागते, आणि जिथे आगीचा धोका मोजावा लागतो, तिथे हा भराव चालतच नाही. एका रुग्णालयात उशा कुजल्या की सगळ्या राज्यात नाव खराब. खादी भांडारं, महिला बचतगटांची दुकानं, गाद्या शिवून घेणारी घरं, एवढाच तिचा बाजार आहे, आणि लेबल खरं असेल तर तो पुरेसा आहे.

लागवड करायचीच तर पांढरीची, आणि बीपासून नको, कलमांपासून. चांगलं बोंड धरणाऱ्या आणि बोंड मिटलेलं ठेवणाऱ्या झाडाच्या उभ्या वाढणाऱ्या, दोन-तीन वर्षांच्या फांद्या घ्याव्यात, पाच ते आठ सेंटिमीटर जाड, दीड-दोन मीटर लांब. आडव्या फांदीचं कलम आडवंच वाढू पाहतं. पावसाच्या तोंडावर लावावीत, दोन झाडांत सात मीटर अंतर, घरापासून, गोठ्यापासून आणि तारांपासून लांब. चार-पाच वर्षांनी बोंडं येऊ लागतात. खरिपात सावलीखालचं पीक थोडं मार खातं, हे शेतकऱ्याला आधी सांगावं.

पण त्याआधी एका तालुक्यात एक हंगाम. फेब्रुवारीत उभ्या झाडांची यादी, लाल किती, पांढरी किती, झेला पोहोचेल अशी किती. एप्रिलमध्ये दहा झेले, दोन शेडनेट, एक ढोल, चार शिलाई यंत्रं. बोंडं मोजून, साफ कापूस तोलून, मजुरीचे तास लिहून ठेवायचे. लाल सावरीच्या किलोभर कापसाला रोजगार हमीच्या दरानेही मजुरी निघत नसेल, तर तिची बोंडं झाडावरच राहू द्यावीत, शहरातल्या आणि तेल टिपण्याच्या कामाच्या तेवढ्या सोडून. उरलेला पैसा मग बांधावरच्या कलमांना द्यावा.